भुऱ्याची सतरंजी

कडेचे दोरे सुटलेली, मधोमध विरलेली, कुत्र्याच्या केसांनी भरलेली एक जुनी सतरंजी, ती मी. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मलाही एके काळी मान होता. यवतमाळला अनंतरावांच्या घरी पाहुणे आले की मला कपाटातून काढत. पुढे माझा रंग विटला, तेव्हा त्यांच्या लेकीने, शाल्मलीने, मला कापून लहान केले आणि माझ्यावर भुऱ्याला बसवले.

भुऱ्या हा गावठी कुत्रा. शाल्मलीनेच रस्त्यावरून उचलून आणलेला. स्वभावाने गरीब, पण घरात एकटा राहिला की ऊर फुटेस्तोवर रडायचा. शेजारी वैतागले. शेवटी अनंतराव म्हणाले, "हे बघ शाल्मली, आपण बाहेर जेवायला गेलो की याला सोबत नेऊ. तिथे नीट बसला तर राहील. नाही तर ढाणकीला सदाशिवरावांच्या शेतावर पाठवतो. ते केव्हाचे कुत्रा मागून राह्यले."

झाले! पोरगी कंबर कसून कामाला लागली. मला जेवणाच्या टेबलाखाली अंथरायची, "जागेवर!" म्हणायची आणि मुद्दाम ताटे वाजवायची. भुऱ्या माझ्यावर हनुवटी टेकून पडून राहिला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा मिळे. पोळीकडे झेपावला की काही नाही. मग ती आम्हा दोघांना चहाच्या टपरीवर नेऊन गर्दीत बसवू लागली. निघण्याआधी त्याचे पोट भरायला ती विसरत नसे. भुऱ्या हळूहळू शहाणा झाला. मला त्याचे केवढे कौतुक वाटे!

पण घरात आजोबा होते. जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून ते उजव्या हाताला चित्राहुती काढत, म्हणजे भाताची चार शिते देवांच्या नावाने बाजूला ठेवत. जेवण उरकले की ती शिते भुऱ्याची.

"आजोबा, ताटाजवळचं काही देऊ नका ना त्याला," शाल्मली विनवायची.

"अगं, ताटातलं कुठे देतो? हे देवाचं काढलेलं. मुक्या जिवाला दिलं तर काय बिघडलं?" असे म्हणून आजोबांचा हात टेबलाखाली यायचाच. भुऱ्या तो चाटून लख्ख करायचा.

मला हे सारे दिसत होते. मी काय बोलणार?

परीक्षेचा दिवस आला. आर्णी रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या बागेत टेबलाखाली मला अंथरले. भुऱ्या शहाण्यासारखा पडून राहिला. शेजारी पोळीचा तुकडा पडला, त्याने मान वळवली नाही. अनंतरावही "अरे वा!" म्हणाले. शाल्मलीचे पाय आनंदाने हलत होते.

इतक्यात थाळ्या आल्या. आजोबांनी सवयीने टेबलावर पाणी फिरवले, चित्राहुती काढली. वाढप्याला वाटले, काहीतरी सांडले. त्याने तत्परतेने फडके मारले आणि शिते खाली उडवली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर पडली. भुऱ्याला ती आपलीच वाटली, आणि त्यात त्याचे काय चुकले? तो झेपावला. रस्सा घेऊन येणारा दुसरा वाढपी त्याला अडखळला आणि कढत रस्सा शेजारच्या बाईंच्या पायावर सांडला. त्या किंचाळल्या.

"माझ्यामुळे झालं रे अनंता," आजोबा म्हणाले.

"बाबा, त्या बाईंचा पाय भाजला! आता मी कोणाचंच ऐकणार नाही."

शाल्मली भुऱ्याच्या पाठीवरचा रस्सा पुसत राहिली. आठवडाभरात आमची रवानगी ढाणकीला झाली.

मित्रांनो, मुक्या जिवाला वळण लावायचे असेल, तर आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच काय ते ठरवा. एकाने नको म्हणायचे आणि दुसऱ्याने घे म्हणायचे, याची शिक्षा त्यालाच भोगावी लागते. भुऱ्या आता वाळला आहे. रात्रंदिवस शेतावर एकटा असतो, पण रडत नाही. रडणेच सोडले त्याने.

काल सदाशिवराव घरच्यांसह शेतावर आले आणि तिथेच जेवायला बसले. ताट वाजले तसा भुऱ्या येऊन माझ्यावर हनुवटी टेकून पडला. वाढता वाढता त्यांच्या घरच्या विमलताई थांबल्या.

"लय गुनाचं कुत्रं हाये हो हे! ताटाकडे पाहत बी नाही. कोनं शिकवलं असन याले?"

एवढे एक वाक्य ऐकायला शाल्मलीने जिवाचे रान केले होते. ती तिथे नव्हती.