घरचा भोपळा

टप्.

रविवारची दुपार. बाळ नुकतंच झोपलेलं, अख्खं घर श्वास धरून बसलेलं, आणि बाल्कनीत टांगलेल्या बाटलीतून एक थेंब स्टीलच्या झाकणावर पडला. बाळाची पापणी हलली. मी पेन हवेतच धरलं. दुसरा थेंब मातीत गेला. वाचले.

हा थेंब म्हणजे आमच्या शेतीची पाटबंधारे योजना.

माझा नवरा नकाशे काढतो. लोकांच्या घरांचे. कुठे दार, कुठे खिडकी; रेघ केसभर चुकत नाही. चार महिन्यांपूर्वी त्यानं आमच्याच बाल्कनीचा नकाशा काढला. लांबी नऊ फूट, रुंदी चार. पिवळ्या रंगात गहू, हिरव्यात पालेभाजी, तांबड्यात टोमॅटो, कठड्याला भोपळ्याचा वेल. कोपऱ्यात बाण काढून उत्तर दिशासुद्धा दाखवली.

"वर्षभरात बाजार बंद," तो म्हणाला. "पोरं आपल्या हातचं खाऊन वाढतील."

हे म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळला की माझी लिहायची खुर्ची मी मुकाट्यानं बाल्कनीतून आत ओढून घेतली.

नकाशात एकच गोष्ट राहून गेली होती. समोरची सहा मजली इमारत. ती आमच्या हद्दीत येत नाही, म्हणून त्यानं काढली नाही. सूर्याला हे कुणी कळवलं नव्हतं.

गव्हाला अकरा लोंब्या आल्या. त्या चार कबुतरांनी बैठक घेऊन उरकल्या. टोमॅटोची झाडं मिसरूड फुटलेल्या पोरांसारखी नुसतीच उंच झाली, कामाचं काही विचारू नका. वेल तेवढा शहाणा निघाला. त्यानं नकाशा न बघता ऊन शोधलं. आमच्या घरात ऊन येतं ते दिवसातून दोन तास, मुलांच्या खोलीच्या खिडकीत. वेल गजांतून आत शिरला आणि भिंगरीच्या उशाशी त्याला भोपळा लागला. एकच. त्याला मी जुन्या ओढणीची झोळी बांधून दिली.

भिंगरी म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. बाळ आल्यापासून माझी मांडी तिला वाटून मिळत होती, म्हणजे मिळतच नव्हती. भोपळा दिसला त्या दिवशी तिनं जाहीर करून टाकलं, "ते तुझं बाळ, हे माझं." मी बाळाला पाजायला घेतलं की ती भोपळ्याला थोपटायची. मी आवाज चढवला की माझ्यावरच डोळे वटारायची, "हळू! आत्ताच झोपलाय तो."

तर त्या दुपारी दुसरा थेंब मातीत पडला आणि फोन खणखणला. बाळानं भोकाड पसरलं. नवऱ्यानं उचलला. पलीकडे नणंदबाई. त्या शाळेत शिकवतात, आणि धाकट्या भावाला अजून पहिल्या बाकावरच बसवतात. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"काय रे, पिकलं का काही, की नुसतेच रंगीत कागद?"

"पुढच्या रविवारी जेवायला ये, ताई. ताटातलं सगळं घरचं!"

बोलून गेला, आणि मग नकाशा घेऊन बाल्कनीत गेला.

सोमवारी म्हणाला, "मीठ सोडून हं." मंगळवारी तेल सोडलं. बुधवारी धान्य सोडलं, "धान्य काय कुणी घरी पिकवतं?" असं मलाच विचारलं. गुरुवारी डाळी गेल्या, शुक्रवारी टोमॅटो आणि पालेभाजी. शनिवारी ताटात एकटा भोपळा उरला.

"पण तो शंभर टक्के घरचा!"

भिंगरीनं हे ऐकलं. रडली नाही. बाळाचं टोपडं आणून तिनं भोपळ्याला घातलं आणि झोळीला पाठ लावून बसली.

रविवारी सकाळी नवरा सुरी घेऊन त्या खोलीत गेला आणि तसाच परत आला.

"तूच काप बाई. माझ्याच्यानं नाही होत. टोपडं घातलंय त्यानं."

"मग ताईंना खरं सांगू या ना."

"जन्मभर ऐकवेल ती! आणि अगं..." त्यानं सुरी ओट्यावर ठेवली. "कागदाबाहेर मी पहिल्यांदाच काहीतरी केलंय."

तो ताईंना आणायला स्टॉपवर गेला. माझ्या कडेवर बाळ, हातात अर्धा तास. इकडे नवऱ्याचा शब्द, तिकडे पोरीचं पोर. मी लंगोटांची पिशवी उचलली आणि जिना उतरले.

"या, शेतकरीणबाई!" कोपऱ्यावरची भाजीवाली म्हणाली. "चार महिने फिरकला नाहीत. दुष्काळ पडला का काय शेतात?"

"मावशी, एक भोपळा द्या. आणि कुणाला बोलू नका."

"कुणाला म्हणजे साहेबांना!" तिनं एक भोपळा उचलून थोपटला. "घ्या. अगदी घरचा वाटेल."

वर येऊन मी कात्रीनं वेलावरच्या भोपळ्याचा देठ कापला. भिंगरीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिचा भोपळा टोपड्यासकट कपाटात, स्वेटरांच्या घडीवर निजवला.

"कुणाला सांगायचं नाही."

"बाबांनापण?"

"बाबांना तर मुळीच नाही."

आणि मी दुसऱ्या भोपळ्यावर सुरी चालवली. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. मला फोडणीची घाई होती.

ताईंनी पहिला घास घेतला. नवरा त्यांच्या तोंडाकडे निकाल लागायच्या दिवशीच्या पोरासारखा बघत होता.

"बरा झालाय की रे," ताई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, भ्रमाचा भोपळा असणार. हा खराच निघाला!"

"बाजारच्याला ही चव येईल?" नवऱ्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "ताई, जीभच सांगते. खत, पाणी आणि माया. पहिल्या दोन गोष्टी विकत मिळतात."

इतका खूश मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. त्या चेहऱ्यासाठी मी आयुष्यभर दर रविवारी लंगोटांच्या पिशवीतून भोपळे वाहिले असते.

भिंगरीचं ताट तसंच होतं. तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग ताटातल्या फोडींकडे.

"खा ना गं," आत्या म्हणाली. "आपल्या घरचा आहे."

भिंगरी उठून माझ्या कानाशी आली. पाच वर्षांच्या पोरांची कुजबुज समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरही ऐकू जाते.

"आई, माझा तर कपाटात झोपलाय. मग हा कुणाचा होता?"