म्हाताऱ्याला बसवा

गेला आठवडाभर अंपायर देशाच्या कप्तानाला काढत होता. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायचा, पहिला घास तोंडात घालण्याआधी कप्तानाला संघाबाहेर करायचा आणि मग निवांत जेवायचा. दुसऱ्या दिवशी कप्तान आपल्या जागेवर असायचाच, म्हणून त्याला पुन्हा काढावं लागायचं. परदेश दौरा तोंडावर आला होता, संघ अजून जाहीर व्हायचा होता, आणि निवड समितीनं अंपायरला विचारलं नव्हतं. 

अंपायर म्हणजे लिफ्ट बसवणाऱ्या एका लहान कंपनीचा हेडमिस्त्री. मैदानावर तो कधी अंपायर म्हणून उभा राहिला नव्हता. पण कुणाचं भांडण असो, कुणाची सोयरीक असो, कुणाचा फ्रिज दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा हा प्रश्न असो, तो उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि विषय संपवायचा. त्यावरनं हे नाव पडलं ते कायमचं.

आता कुणी म्हणेल, लिफ्टच्या मिस्त्रीला देशाच्या कप्तानाची एवढी उठाठेव कशाला? तर म्हणणाऱ्याला म्हणू द्यावं. ज्या माणसाला घरातला पंखा बायकोला विचारल्याशिवाय कमी-जास्त करता येत नाही, त्यानं दुसरं काय ठरवायचं? पगार मालक ठरवतो, भाडं घरमालक ठरवतो, रजा मिळणार की नाही तेही दुसराच ठरवतो. राहता राहिला देशाचा संघ. तो फुकट आहे, म्हणून तेवढा सगळ्यांचा आहे.

"म्हाताऱ्याला चेंडू दिसत नाही," अंपायर त्या दिवशी म्हणाला. म्हातारा म्हणजे कप्तान. वय फार नव्हतं, पण क्रिकेटमध्ये माणूस लवकर म्हातारा होतो. "स्लिपमध्ये उभा राहतो नि झेल सुटला की हाताकडं बघतो, जसं काही हात कुणीतरी बदललेत. डावऱ्याला करा कप्तान. पोरगं ताज्या दमाचं आहे."

"पण मामा, बाहेर चेंडू उसळतो," त्याचा जावई हळूच म्हणाला. "तिथं अनुभव लागतो. डावरा घरच्या मैदानावर वाघ."

"तुला क्रिकेट कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच."

"मग गप जेव."

हा जावई आधी अंपायरच्या हाताखाली हेल्पर होता. कामाला चोख, बोलायला कमी, म्हणून अंपायरनंच पुढाकार घेऊन त्याला पोरगी दिली. तेव्हापासून एक घोटाळा झाला होता. हाताखालच्या माणसाला 'अरे' म्हणायचं, जावयाला 'अहो' म्हणायचं. एकाच माणसाला दोन्ही कसं म्हणणार? शेवटी अंपायरनं बोट वर करून निकाल दिला: कारखान्याच्या फाटकाच्या आत 'अरे', बाहेर 'अहो'. मग संध्याकाळी फाटकाच्या आत "अरे गाढवा, पाना कुठं ठेवलास" असं सुरू झालेलं वाक्य फाटकाबाहेर "तेवढा उद्या शोधून ठेवा हं" असं संपायचं.

"अंपायर बरोबर बोलतोय," टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हर रोज कुणाला तरी बरोबर म्हणायचा, वाद संपू नये एवढ्यासाठी. "पण म्हातारा ऐकणार का?"

याच वेळी बाई खाली आल्या. बाई म्हणजे मालकीण. वडिलांच्या मागं कंपनी त्यांनी हातात घेतली होती आणि नीट चालवत होत्या. क्रिकेटमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण या आठवड्यात त्या चहाचा कप घेऊन खाली यायच्या, लिफ्टच्या पोलादी दोराच्या, वायर रोपच्या वेटोळ्याजवळ उभ्या राहायच्या आणि ऐकायच्या. अंपायरला याचं भारी कौतुक वाटत होतं. बाईंना आपण खेळाची गोडी लावली असं तो बायकोला सांगायचा.

"मिस्त्री," बाईंनी विचारलं, "इतकी वर्षं कप्तान आहे म्हणता, म्हणजे चांगलाच असेल ना?"

"होता, बाई. होता आणि आहे यात फरक आहे. होता म्हटल्यावर हार घालायचा, आहे म्हटल्यावर मॅच जिंकायची."

"पण काढलं तर वाईट वाटेल त्याला."

"वाटू दे की. चार शब्द बरे बोला, फोटो काढा आणि म्हाताऱ्याला बसवा. देश मोठा का त्याचा रुसवा मोठा?"

"आणि हे निवड समितीला कळत नाही?"

अंपायरनं घास खाली ठेवला. "गाढवं आहेत ती, बाई. ती जे करतील त्याच्या बरोबर उलटं करावं. माणूस जन्मात चुकायचा नाही."

बाईंनी मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि त्या वर गेल्या.

संध्याकाळी ड्रायव्हर टेम्पो धूत होता. पुढच्या आठवड्यात मोठं काम होतं: दूरच्या गावी नवं हॉस्पिटल, त्यात सहा लिफ्ट. बाहेरगावच्या कामाला टोळी निघाली की ड्रायव्हरशेजारची सीट हेडमिस्त्रीची; बाकीचे मागं, सामानावर. ती सीट अंपायरच्या बुडाच्या आकाराची झाली होती.

"अंपायर, या वेळी मागं बसायला एखादी उशी आणा," ड्रायव्हर म्हणाला.

"मी कशाला मागं बसू?"

"बाईंनी विचारलं, जावई पुढं बसला तर तुला रस्ता सांगेल ना? म्हणाल्या, या दौऱ्याला नवा कप्तान द्यावा म्हणते." ड्रायव्हरनं फडकं पिळलं. "दौरा म्हणाल्या बरं का. आजपर्यंत बाहेरगावच्या कामाला कुणी दौरा म्हटलंय का? कुठं ऐकला असेल हा शब्द, देव जाणे."

 आठवडाभर आपण कुणाला काढत होतो ते अंपायरला आत्ता कळलं.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग बिघडलं कुठं? जावईच आहेत, परके थोडेच आहेत?"

"परका असता तर सोपं होतं. आईबहिणीवरनं शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. जावयाला काय देऊ?"

"आशीर्वाद द्या," बायको म्हणाली आणि तिनं पंखा कमी केला.

रात्रभर तो कुशीवर कुशी बदलत होता. खरं कारण त्याला ठाऊक होतं आणि तेच नको होतं. नव्या लिफ्टचे कंट्रोल पॅनल आले तेव्हापासून त्यावरचे बारीक आकडे त्याला दिसत नव्हते. "वाच रे, माझे हात ग्रीसचे आहेत," असं तो जावयाला म्हणायचा. जणू तो हातांनी वाचत होता. मागच्या महिन्यात एकदा जवळ वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यानं अंदाजानं आकडे भरले. लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबायला लागली. त्या इमारतीतला एक वकील बाहेर पडताना तोंडावर पडला आणि पडल्यापडल्या कायदा बोलायला लागला. जावई म्हणाला, सेटिंग मी केलं होतं. त्यानं बोलणी खाल्ली. अंपायर गप्प बसला. झेल सुटल्यावर म्हातारा हाताकडं बघतो, हे अंपायर उगाच सांगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी डबा उघडून त्यानं जाहीर केलं, "म्हाताऱ्याला हात लावायचा नाही. दौरा त्याच्याशिवाय होणार नाही."

ड्रायव्हरला ठसका लागला. "काल रात्री कप्तानाचा फोन आला होता काय?"

"अनुभव म्हणून काही असतं का नाही? परक्या मुलखात, परक्या हवेत कोण सांभाळणार? पोरंसोरं?"

जावयानं पोळीचा तुकडा तसाच धरला. "पण मामा, मला आता तुमचं पटलंय. आठवडाभर विचार केला. होता आणि आहे यात फरक आहे."

"काय फरक आहे?"

"तुम्हीच म्हणालात. होता म्हटल्यावर हार घालायचा."

"हार घालायचा म्हणजे जिवंतपणी फोटो करून टांगायचं असं म्हणालो होतो का मी?"

"देश मोठा का त्याचा रुसवा मोठा?" ड्रायव्हरनं आठवण करून दिली.

अंपायरचं डोकं फिरलं. आठवडाभर घासूनपुसून लखलखीत केलेली स्वतःची वाक्यं आता त्याच्याच अंगावर येत होती. वाद घालणाऱ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. नालायक माणसाशी भांडता येतं. स्वतःशी भांडायला गेलं की दम लागतो.

"आणि त्याला चेंडू दिसत नाही, मामा," जावई अगदी साधेपणानं म्हणाला.

"नाही दिसत तर नाही दिसत!" अंपायर ओरडला. "शेजारी कुणी आहे का नाही? तो वाचून दाखवेल."

"चेंडू वाचून दाखवेल?" ड्रायव्हरनं विचारलं.

 जावयानं एकदा अंपायरच्या हातांकडं पाहिलं. हात स्वच्छ धुतलेले होते, ग्रीसचा ठिपका नव्हता. मग त्यानं मान खाली घातली आणि तो डब्यातली भाजी उगाच ढवळत बसला. वायर रोपच्या वेटोळ्याजवळ बाई कप घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, ते कुणाला कळलं नव्हतं.

दुपारी संघ जाहीर झाला. ड्रायव्हरच्या फोनवर बातमी आली: कप्तान तोच, म्हातारा, डावरा उपकप्तान. अंपायर जिना चढून थेट केबिनमध्ये गेला. गुडघा दुखत होता, पण आत्ता गुडघ्याला विचारायला वेळ नव्हता.

"बाई, कप्तान तोच ठेवला."

"हो का? कुणी?"

"निवड समितीनं. शेवटी माणसं जाणती आहेत. त्यांनी अनुभव बघितला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, ती गाढवं आहेत म्हणाला होतात. ती करतील त्याच्या बरोबर उलटं करावं, म्हणजे माणूस चुकत नाही."

त्या चेष्टा करत नव्हत्या. चेष्टा केली असती तर अंपायरला रागावता आलं असतं. ज्या बाईनं आपला शब्द न् शब्द मनावर घेतला, तिच्यावर रागावणार कसं?

"वकिलाचा फोन मलाच आला होता," बाई म्हणाल्या. "तुमच्या जावयानं स्वतःवर घेतलं. पण त्या दिवशी त्याच्या बाळाला ताप होता म्हणून मीच त्याला रजा दिली होती."

अंपायर उभाच होता. कप्तानाला काढलं की देशभर बोंब होते, चाहते रस्त्यावर येतात, जुने खेळाडू टीव्हीवर डोळे पुसतात. मिस्त्रीला काढलं की बाई म्हणतात, "बसा, चहा घेता का?" तसंच त्या म्हणाल्या.

"मला काढताय?" त्यानं विचारलं.

"काढत नाही हो. तुमच्याशिवाय ते काम उभं राहणार आहे का? संघात आहातच. फक्त पॅनलवर शेवटचा हात त्याचा आणि शब्दही त्याचा. तुम्हीच सांगा, बरोबर का चूक?"

निकाल मागितला की त्याचं बोट आपोआप वर जायचं. आताही गेलं. त्यानं त्या बोटाकडं जरा वेळ पाहिलं, कुणा परक्याचं असावं तसं, आणि मग चहा न घेताच खाली आला.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो फाटकाच्या आत उभा होता. जावई मागच्या फळीवर पाय ठेवून चढायच्या बेतात होता.

"मामा, तुम्ही बसा पुढं. बाई काय बघायला येणार आहेत? आणि घरी कळलं की मी पुढं बसलो, तर तुमची मुलगी मला जेवायला घालायची नाही."

"बसा पुढं," अंपायर म्हणाला.

ड्रायव्हर वळून बघायला लागला. जावई घोटाळला. "मामा, फाटकाच्या आत आहोत अजून."

"माहीत आहे मला. कप्तान मागं सामानावर बसला तर टीमनं कुठं बसायचं? बसा म्हटलं ना."

आणि तो मागं चढला, वायर रोपच्या वेटोळ्यावर उशी टाकून बसला. उशी बायकोनं न सांगता दिली होती. टेम्पो फाटकाबाहेर पडून पहिलं वळण घेतो न घेतो तोच मागून पत्र्यावर थाप पडली.

"अरे, दुसरा गिअर टाकायला सांग त्याला! सहा पॅनल आहेत मागं, बटाटे नाहीत. पहिल्याच षटकात मॅच घालवतोस काय?"

"मामा, आता फाटकाबाहेर आलोय," जावई खिडकीतनं ओरडून म्हणाला. "बाहेर 'अहो' ना?"

"नियम बदललाय."

दोन गावं मागं पडली, आणि रस्त्याला दोन फाटे फुटले तिथं ड्रायव्हरनं टेम्पो थांबवला. जावयानं बाहेर वाकून विचारलं, "मामा, डावीकडं का उजवीकडं? तुम्हाला हा भाग माहीत आहे."

अंपायरनं मान बाहेर काढली. समोर पाटी होती. त्यानं डोळे बारीक केले, मग ते करायचंही सोडलं.

"पाटी वाच. मग सांगतो."

"का अंपायर," ड्रायव्हर म्हणाला, "हात ग्रीसचे आहेत का?"

"हात स्वच्छ आहेत. डोळे गेलेत. वाच रे."