सुटलेली तार

तपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'बिनचूक' म्हणत. आधी थट्टेनं, मग आदरानं, आणि अलीकडे तर फोनवर ते स्वतःच तशी ओळख सांगत!

काम करंट ट्रान्सफॉर्मर तपासण्याचं. तांब्याच्या तारेचे वेढे घातलेलं हे कडं केबलमधल्या मोठ्या प्रवाहाचं लहान, पण खरं माप मीटरला देतं. ते खरं आहे ना, हे प्रयोगशाळेतल्या प्रमाण ट्रान्सफॉर्मरशी ताडून ठरतं.

त्या दिवशी वाइंडिंगवाल्या, म्हणजे कड्यांवर तारेचे वेढे घालून देणाऱ्या बाई टेबलासमोर उभ्या होत्या. त्यांच्या छोट्या कारखान्यातली चाळीस कडी पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा नापास झाली होती. आणखी एकदा झाली, की कारखान्याचं नाव मान्य पुरवठादारांच्या यादीतून कायमचं कटणार होतं.

"साहेब, वेढे मी स्वतः मोजलेत, दोनदा. जरा तुमचं प्रमाणही तपासता का?"

"बाई, नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळी खोली हसली. बाई मान खाली घालून निघून गेल्या.

बिनचूक मात्र मनातून हसले नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी, प्रवाह चालू असताना, प्रमाण ट्रान्सफॉर्मरची मीटरकडे जाणारी तार त्यांच्या हातून सुटली होती. अशानं गाभ्यात चुंबकत्व साचतं आणि माप केसभर ढळतं, हे तेच नवख्यांना शिकवत. लगेच वहीत नोंद करायची आणि ते चुंबकत्व घालवायचं, असा नियम. पण नोंद केली तर बिनचूक कसले? त्यांनी तार गुपचूप जोडून टाकली होती.

संध्याकाळी ते घरी जेवायला बसले. बायको नर्स होती. चेहरा वाचणं तिचा रोजचाच उद्योग. तिनं विचारलं, त्यांनी सांगून टाकलं.

"माझ्या हातून एकदा चुकीची गोळी दिली गेली होती," ती म्हणाली. "मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं."

"बोलणी बसली असतील?"

"पोटभर! पण पेशंट वाचला. अहो, चूक कोणाच्याही हातून होते. लपवली, की ती दुसऱ्या कोणाला तरी भोगावी लागते."

"इतक्या वर्षांचं नाव जाईल गं माझं."

"आणि त्या बाईंचं?"



सकाळी त्यांनी वहीत नोंद केली, खऱ्या तारखेसह. प्रयोगशाळेचे मोठे साहेब कडाडले. तीन आठवड्यांत तपासलेला सगळा माल परत मागवावा लागणार होता! बिनचूक खाली मान घालून ऐकत राहिले. मग त्यांनी गाभ्यातलं चुंबकत्व घालवलं, कपाटातल्या दुसऱ्या प्रमाणाशी ताडून खात्री केली आणि बाईंना बोलावून घेतलं.

सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बाई, अंगण माझंच वाकडं होतं. मला माफ करा."

या वेळी कोणी हसलं नाही. कडी एकेक करून तपासली गेली. एकोणचाळीस पास झाली! कारखान्याचं नाव यादीत राहणार होतं. शेवटचं कडं मात्र खरोखरच नापास. बिनचूक चाचरले, आता हे सांगावं कसं? बाईंनीच हात पुढे केला.

"ते माझं चुकलंय. द्या इकडे, वेढे उलगडून पुन्हा घालते."

जे सांगायला बिनचूकांना तीन आठवडे लागले, ते बाईंनी एका दमात सांगितलं. वाचकहो, चूक तुमच्या-माझ्या हातूनही होणारच. ती ज्या दिवशी होईल त्याच दिवशी सांगू या, म्हणजे आपल्या चुकीपायी दुसऱ्या कोणाची मान खाली जाणार नाही.