भट्टी वाळेना

जी भट्टी सात दिवसांत वाळायची, ती आमच्या बागेत तेवीस दिवस वाळली नाही. गावच्या जुन्या बेकरने, दोनातोने, खापर विहिरीवर फोडलं, जावयाने मातीवर, आणि माती विकणाऱ्याने आमच्या डोंगरातल्या धुक्यावर. मी कोणाला काही बोलले नाही. पाणी मी घालत होते.

आता सांगते, कारण सांगायला हरकत नाही.

माझी एकुलती एक लेक लोरेदाना बारा वर्षं तोरीनो शहरात नोकरीला. माझा नवरा आमातो दोन हिवाळ्यांपूर्वी गेला, आणि यंदा मार्चमध्ये ती म्हणाली, आई, काही महिने येऊन राहतो आम्ही. आम्ही म्हणजे ती आणि तिचा नवरा इव्हो. इव्हो वर उत्तरेतला, त्रेंतोचा. तिकडची माणसं म्हणे घड्याळ बघून शिंकतात. दिवसभर कानाला यंत्र लावून कॉम्प्युटरसमोर बसतो, जेवण झालं की ताट स्वतः धुतो, आणि मला सिन्योरा म्हणतो, म्हणजे बाईसाहेब. आमच्याकडे साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून जावई सासूला मम्मा म्हणतो, मग तिचं तोंड बघवत नसलं तरी. हा लग्नाला सहा वर्षं झाली तरी सिन्योरा. पोस्टात पेन्शन घ्यायला गेले की खिडकीतली बाईसुद्धा मला सिन्योराच म्हणते. पण तिचं मला काही वाटत नाही, ती याच्यासारखी माझी टोमॅटोची झाडं बांधून देत नाही.

एप्रिलमध्ये या माणसाने जाहीर केलं की तो बागेत पिझ्झाची भट्टी बांधणार. मी म्हटलं, गावात दोन भट्ट्या आहेत, तिसरी कशाला? तो म्हणाला, मला एक बांधून बघायची आहे. विहिरीपलीकडे आमातो सरपण रचायचा ती जागा त्याने दोऱ्यांनी आखली, आणि दुसऱ्या दिवशी दोनातो घडीची खुर्ची घेऊन हजर झाला.

दोनातोने गावच्या बेकरीत एकतीस वर्षं पाव भाजला. आता निवृत्त आहे, म्हणजे दुसऱ्यांची कामं बसून बघतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, फक्त उंटाऐवजी खुर्ची. पहिल्याच दिवशी त्याने इव्होचं ‘इंजिनीयर’ असं नाव ठेवलं आणि तळाखाली फुटक्या बाटल्या न् खडे मीठ घालायला सांगितलं. काच आणि मीठ ऊब धरून ठेवतात, आमच्याकडे सगळेच घालतात. इव्होने विचारलं, किती मीठ? दोनातो म्हणाला, पुरेसं. इव्होने वही काढली आणि पुन्हा विचारलं, पुरेसं म्हणजे किती किलो? दोनातोला एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तो दोन दिवस आला नाही.

बाटल्या मी दिल्या. आमातोच्याच होत्या, त्याने रिकाम्या केलेल्या. माणूस गेला पण ऊब धरायला मागे काहीतरी ठेवून गेला, असं मनात आलं. कोणाला बोलले नाही, आमातोची तारीफ करायची मला सवय नाही.

मग तळाच्या विटा बसल्या. इव्होने त्यांच्यावर सपाटी बघायची पाणसळ इतक्या वेळा ठेवली की विटांना लाज वाटली असेल. विटांवर ओल्या वाळूचा ढीग रचून त्याने घुमटाचा आकार केला, त्यावर ओले कागद लावले, आणि कागदांवर चिकणमातीचा थर थापला. बाहेरून गवत मिसळलेल्या मातीचा आणखी एक जाड थर. तोंड किती उंच ठेवायचं यावर दोनातोशी त्याचा आठवडाभर वाद चालला. शेवटी दोघांचं माप एकच निघालं. एकाने ते वितीने घेतलं होतं, दुसऱ्याने दशांश चिन्हाने.

जुलैच्या शेवटी माती घट्ट झाली आणि त्याने तोंडातून हात घालून आतली वाळू उपसायला घेतली. हा क्षण वाईट असतो. वाळू निघाली की घुमट एकतर उभा राहतो नाहीतर खाली बसतो. मी आणि लोरेदाना ओट्यावर शेंगा सोलत बघत होतो. इव्हो खांद्यापर्यंत भट्टीत. शेवटची पाटी बाहेर आली, घुमट उभा होता. दोनातो खुर्चीतून उठला. तो गावच्या संताच्या, सान रोक्कोच्या मिरवणुकीलासुद्धा उठत नाही.

तेव्हाच लोरेदाना शेंगांकडे बघत म्हणाली, ‘‘आई, माझ्या ऑफिसने परत यायची तारीख दिलीय. एक सप्टेंबर. सान रोक्कोला भट्टीचा पहिला पिझ्झा खाऊ, आणि निघू.’’

मी विचारलं, ‘‘आणि भट्टी झाली नाही तर?’’

ती हसली. ‘‘मग हा हलणार नाही. अर्धवट काम टाकून जाणं याच्या रक्तातच नाही. तोरीनोत नळ गळत होता म्हणून आम्ही जुनं घर चार महिने उशिरा सोडलं.’’

मी शेंगा सोलत राहिले. मला ती जायला नको होती. एवढंच. दोन हिवाळे मी त्या स्वयंपाकघरात एकटीने काढले होते. आमातोच्या खुर्चीशी बोलायची सवय लागली होती, आणि खुर्ची आमातोपेक्षा बरं ऐकून घेते हेही कळलं होतं. तिसरा हिवाळा मला नको होता. पण बारा वर्षं बाहेर राहिलेल्या लेकीला राहा म्हणायचं कोणत्या तोंडाने? मी म्हणाले नाही. माझ्या आईनेही मला कधी म्हटलं नव्हतं.

नवी भट्टी एकदम पेटवत नाहीत. सात दिवस रोज थोडा थोडा जाळ करायचा, आज मूठभर काटक्या, उद्या दोन मुठी, म्हणजे मातीतली ओल हळूहळू निघून जाते. ओल आत असताना मोठा जाळ केला की वाफेला वाट मिळत नाही आणि घुमट उकलतो. इव्होने सात दिवसांचा तक्ता करून दारावर चिकटवला. ओल मोजायचं एक यंत्रही मागवलं, दोन सुया मातीत टोचायच्या की आकडा येतो.

दुपारी दोन ते चार आमचं गाव झोपतं. कुत्रीसुद्धा वामकुक्षी घेतात. लोरेदाना आत झोपलेली, आणि इव्हो एकटा जागा, पण कानाला यंत्र लावून उत्तरेतल्या लोकांशी बोलत. मी बेझिलच्या वाफ्याला पाणी घालायला हिरवी झारी घेऊन बाहेर गेले. रोजच जाते. त्या दिवशी झारीत थोडं पाणी उरलं. मी भट्टीवर झाकलेल्या ताडपत्रीचं टोक उचललं आणि उरलेलं घुमटावर ओतलं. माती तहानलेली होती, घटाघटा प्यायली.

दुसऱ्या दिवशी बेझिलच्या वाट्याचंही भट्टीला गेलं.

इव्हो रोज सकाळी सुया टोचायचा, तक्त्याकडे बघायचा, पुन्हा टोचायचा. सातव्या दिवशी जो आकडा पाचच्या खाली यायला हवा होता, तो एकोणीस होता. त्याने माती विकणाऱ्याला पत्र लिहिलं, त्याचं धुक्याचं उत्तर आलं. दोनातो म्हणाला, इंजिनीयर, विहीर जवळ आहे, खालून ओल चढते. सगळ्यांनी विहिरीकडे बघितलं. मीही बघितलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती. मी म्हटलं, ती विहीर पहिल्यापासून तशीच आहे. आमातोच्या आजोबांनी खणलेली विहीर, तिने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी एक बरं झालं, झारी भरलेलीच मिळायला लागली. विहिरीतून पाणी ओढताना माझे गुडघे बोलतात. लोरेदाना भरून ठेवत असेल असं मी धरून चालले. लेक असावी तर अशी, असंही मनात म्हणाले.

सान रोक्कोचा दिवस उजाडला. सोळा ऑगस्ट. लोरेदानाने मिरवणुकीनंतर बारा माणसं जेवायला बोलावली होती, पीठ आदल्या रात्रीपासून फुगत होतं, आणि सुया सांगत होत्या अठरा. मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. वही बघेल, मान हलवेल, आणि आणखी तीन आठवडे मिळतील.

इव्होने यंत्र खिशात टाकलं आणि म्हणाला, ‘‘पेटवू या.’’

दोनातो म्हणाला, हळू, इंजिनीयर, हळू. पण जो माणूस काटकी वजन केल्याशिवाय आत टाकत नव्हता, तो ओकची लाकडं कवेत घेऊन भिरकावत होता. अर्ध्या तासात आत एवढा जाळ होता की दोनातोने खुर्ची दोनदा मागे घेतली. मला काही समजेना. घाम पुसत मी म्हटलं, उन्हाने याचं डोकं फिरलंय.

मग ‘टक्’ असा आवाज आला. अंडं फुटावं तेवढाच. तोंडापासून धुराड्यापर्यंत घुमटावर एक रेघ उमटली आणि तिच्यातून पांढरी वाफ निघायला लागली.

‘‘गेली,’’ दोनातो म्हणाला, आणि टोपी काढली.

बारा माणसं हातात प्लेटी धरून उभी होती. इव्होने खिशातून टेप काढून चीर मोजली आणि वहीत लिहिली. मग म्हणाला, घुमट उतरवावा लागेल. तळ चांगला आहे, मीठही कोरडं असेल, पण घुमट नवा. लोरेदानाने विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, हा उतरवेपर्यंत थंडी येईल, आणि थंडीत माती लावता येत नाही. एप्रिलमध्ये सुरुवात करता येईल.

दोनातोने चाचणीसाठी पिठाची एक साधी चकती आत सरकवली, भट्टी फुटली तरी रीत रीतच. ती खालून काळी आणि वरून कच्ची निघाली. आमच्याकडे ही चकती बांधणाऱ्याने खायची असते. इव्होने उभ्याउभ्या पूर्ण खाल्ली.

उरलेले पिझ्झे घरातल्या ओव्हनमध्ये करायचं ठरलं आणि लोरेदाना बेझिलची पानं तोडायला वाफ्याकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक वाळकी काडी होती.

‘‘आई,’’ ती म्हणाली, ‘‘तू रोज दुपारी पाणी घालतेस ना?’’

मी म्हटलं, घालते.

तिने काडीकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काडी मुठीत धरून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने खिडकीतून मला ऐकू आलं, ती तोरीनोच्या ऑफिसला फोनवर सांगत होती की एक तारखेला जमणार नाही, घरी बांधकाम अर्धवट आहे, इथूनच काम करू दिलं तर करते, नाहीतर राहिलं. तिच्या आवाजात मला दुःख काही सापडलं नाही. मी बराच वेळ शोधलं.

मी टोमॅटो चिरत होते तेव्हा इव्हो हात धुवायला स्वयंपाकघरात आला. कोपरापर्यंत काळा. साबण लावला, नळ सोडला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘सिन्योरा, चूक माझी झाली. झारी दहा लिटरची आहे. मी रोज काठोकाठ भरून ठेवली, पण त्यातली अर्धी बेझिलची हे सांगितलं नाही. भट्टीला अर्धी पुरली असती, बेझिलही जगला असता.’’

मी सुरी फळीवर ठेवली.

मी विचारलं, ‘‘कधीपासून माहीत होतं?’’

‘‘नवव्या दिवसापासून. ताडपत्रीची गाठ तुम्ही उलटी मारता.’’

‘‘आणि आज? एवढी लाकडं?’’

त्याने नळ बंद केला, नीट घट्ट, आणि गळत नाही ना ते बघितलं. ‘‘तोरीनोत आमच्याकडे बाल्कनी आहे,’’ तो म्हणाला. ‘‘दीड मीटरची. तिथे भट्टी बसत नाही.’’

मग टॉवेल घडी करून जागेवर ठेवला आणि बाहेर पाहुण्यांत गेला. मी तिथेच रडले. चांगली भरपूर रडले, आणि कांदा चिरायचा नव्हता तरी एक काढून चिरला, कोणी आलं तर असावा म्हणून. पाच महिने हा माणूस माझ्या बागेत होता आणि मी त्याला पाहुणा समजत होते.

तो अजून मला सिन्योराच म्हणतो. म्हणू दे.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दुसरी झारी आणली. लहान, पाच लिटरची. बेझिलसाठी.