वेगळा कप

मी एक कप. चिनी मातीचा, निळ्या काठाचा. नागपुरात एका कॉलेजजवळ चंपतरावांचं चहाचं हॉटेल आहे, तिथं आम्ही बारा जण एकत्र आलो. एका ट्रेमधून फिरायचो, एकाच बादलीत विसळले जायचो. मजेत होतो.

त्र्याहत्तर साली हॉटेलात ओटिएनो आला. केनियातून शिकायला आलेला, उंच, काळाभोर मुलगा. त्याने माझ्यातून चहा प्यायला आणि निघून गेला. लगेच एक रोजचं गिऱ्हाईक कुरकुरलं, "त्या हबशानं वापरलेल्या कपात आमाले चाय नोको देऊ गा."

चंपतराव वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी मला विसळून बाहेरच्या कोनाड्यात ठेवलं. तेव्हापासून मी फक्त ओटिएनोचा.

त्याला वाटलं, हा मानच आहे. रोज यायचा, हसून म्हणायचा, "मेरा कप दीजिए." त्याच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. वसतिगृहातही त्याच्या खोलीत राहायला कोणी तयार नाही, असं गिऱ्हाइकंच बोलायची. दोन्ही तळव्यांत मला धरून तो बराच वेळ बसायचा. मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

एकदा शेजारच्या छापखान्यातले शालिकराम त्याच्याजवळ येऊन बसले. चंपतरावांनी कोनाड्यातून मला काढलं, तसे शालिकराम थबकले.

"याचा कप बाहेर काहून ठेवता?"

"गिऱ्हाईक तुटते गा. मी काय करू?"

शालिकराम हळूच म्हणाले, "सावनेरकडच्या आमच्या गावात माह्या बापाचा कप असाच बाहेर टांगलेला राहे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, ते काही हेच पुन्हा पाहाले नाही."

ओटिएनोला मराठी कळत नव्हतं. "क्या हुआ?" त्याने विचारलं. शालिकरामांनी हिंदीत सांगितलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. अर्धा चहा तसाच ठेवून, मला अलगद बाकावर टेकवून उठला. शालिकराम त्याच्यामागे गेले.

पुढे ते दोघं एका सायकलवरून समोरून जाताना दिसत. एकदा चंपतराव रस्त्यापर्यंत गेले. "आओ बेटा, अब सबके कप में दूंगा."

"चाय हो गई," ओटिएनो नम्रपणे म्हणाला. शिक्षण संपवून गेला, पण हॉटेलात पुन्हा आला नाही.

आता बरीच वर्षं झाली. माझे सोबती फुटले, त्यांच्या जागी काचेचे ग्लास आले. मी मात्र कोनाड्यात आहे. चंपतराव मला वापरत नाहीत, फेकतही नाहीत. पोटात धूळ साचली आहे. कुणाचे तरी ओठ लागावेत असं फार वाटतं. तरीही अनोळखी माणूस बाकावर येऊन बसला की धडकी भरते, चंपतरावांचा हात इकडे तर वळणार नाही?

वळलाच, तर कुणीतरी मला आधी फोडून टाका.