मूळ नोंद उपलब्ध नाही

"गेली म्हणजे कुठे गेली?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

कॉम्प्युटर उघडून बसलेल्या मेकॅनिकने हातातली डिस्क टेबलावर ठेवली. "खराब झाली, सर. आतलं काही वाचताच येत नाहीये."

"मग दुसरी बसवा."

"बसवतो. पण ती कोरी असणार."

टायपिस्टबाई दारात उभ्या होत्या. खरं तर त्या शाळेच्या क्लार्क. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वी टायपिंगच्या जोरावर नोकरीला लागल्या, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेतला हा पहिलाच कॉम्प्युटर. सकाळी ऑफिसचा, दुपारी वर्गाचा. दुपारी मुलं रांग लावून यायची, प्रत्येकाने एकेक बटण दाबायचं, पडद्यावर हिरवं अक्षर उमटलं की मागच्याला जागा द्यायची. कॉम्प्युटरचं शिक्षण ते एवढंच. सकाळी मात्र बाई बसायच्या. अडीच वर्षांत त्यांनी एकेचाळीस रजिस्टरं त्यात भरली होती. मुलाचं नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. नऊ हजारांवर मुलं.

"फ्लॉप्यांवर कॉपी असेल ना?" मेकॅनिक म्हणाला.

"फ्लॉप्या दोनदा मागितल्या होत्या," बाई म्हणाल्या. "आहेत त्याच पुसून वापरा, असं सांगितलं होतंत, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. अकरा फ्लॉप्यांपैकी तीन उघडल्या. त्यांत गेल्या वर्षीचे चाचणीचे गुण होते.

आणि रजिस्टरं नव्हती. त्यांना वाळवी लागली होती, कॉम्प्युटरच्या वर्गाला खोली हवी होती. "सगळं भरून झालंय ना, बाई?" सरांनी विचारलं होतं, आणि बाईंनी जरा अभिमानानेच सांगितलं होतं, "हो सर, शेवटच्या पानापर्यंत." लगद्यासाठी रद्दीत द्यायच्या रजिस्टरांची यादी त्यांनीच टाइप केली, खाली सहीही केली. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यामुळे कुणावर धड रागावताही येत नव्हतं.

महिन्याभराने इस्पितळातली एक आया दाखला मागायला आली. अडतीस-चाळिशीची, बोलताना पदराचं टोक मुठीत धरणारी. चौदा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर आता तिला कायम करणार होते. वयाचा पुरावा तेवढा राहिला होता, आणि शुक्रवारपर्यंतच मुदत होती.

"दुसरा काही कागद नाही?"

"जन्म घरीच झाला, बाई. पहिलीपासून इथेच होते. सातवीत शाळा सोडली."

सातवीत म्हणजे बोर्डाची परीक्षाही नाही. बाईंनी नाव विचारलं. चेहरा त्यांना आठवेना. नोंद मात्र लख्ख आठवली. तेविसावं रजिस्टर, डावं पान. जन्मतारखेत आधी चौदा लिहून, खोडून, वर एकवीस केलेलं आणि बाजूला त्या वेळच्या हेडसरांची तिरकी सही. नेमकं काय टाइप करायचं म्हणून बाई तिथे बराच वेळ अडल्या होत्या.

"एकवीस तारीख. बरोबर?"

आयाचा चेहरा उजळला. "आई हेच सांगायची. म्हणजे मिळेल ना दाखला?"

बाई सरांच्या खोलीत गेल्या. सर वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, तुमच्या आठवणीवर मी दाखला कसा देऊ? उद्या कुणी रजिस्टर दाखवा म्हटलं तर?"

"पण तारीख खरी आहे, सर."

"खरी असेल हो. दाखवायची कुठे?"

आयाला बाईंनी दोन दिवसांनी यायला सांगितलं. घरी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू का जिवाला लावून घेतेस? तू काय मशीन फोडलंस?"

"सगळं भरून झालंय असं मीच सांगितलं ना हो," बाई म्हणाल्या. त्यांनी ताट पुढे सारलं.

सर मीटिंगला जायचे तेव्हा पाच-सहा कोरे दाखले सही करून बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे, काम अडू नये म्हणून. बुधवारी बाईंनी त्यातला एक काढला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही खोटं अक्षर लिहिलं नव्हतं, आणि हेही खोटं नाही, असं त्या मनाशी म्हणत राहिल्या. मग शिक्का मारला. आयाने दाखला वाचला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाई पटकन मागे सरकल्या.

तीन आठवड्यांनी इस्पितळाच्या ऑफिसातून पत्र आलं. सोबत दाखल्याची प्रत. सदर दाखला आपल्या दप्तरावरून दिला आहे काय, असल्यास रजिस्टर व पान क्रमांक कळवावा.

सरांनी ते वाचलं. बाईंना समोर बसवलं आणि दाखल्याची प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

"यावर सही माझी आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"पान कुठलं लिहू?"

बाईंना पान आठवत होतं. एकशे सव्वीस. पण कशाचं पान, हे विचारणारा उद्या दारात आला तर? त्यांनी मान खाली घातली.

उत्तर बाईंनीच टाइप केलं. मूळ नोंद उपलब्ध नाही. सरांनी सही केली. मग हात पुढे केला, आणि बाईंनी ड्रॉवरची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. दाखल्यांचं काम दुसऱ्या क्लार्ककडे गेलं.

आया पुन्हा आली तेव्हा दुपारचे वर्ग चालू होते. बाईंनी तिला स्वतःची खुर्ची दिली.

"कायम तर केलंच नाही," ती म्हणाली. "खोटा कागद दिला म्हणून कामावरूनही काढलं."

बाईंना वाटलं होतं ती ओरडेल. त्यांना ते चाललं असतं.

"माझ्यामुळे झालं हे," बाई म्हणाल्या. "मी दिलाच नसता, तर रोजंदारी तरी राहिली असती."

"तारीख तुम्ही बरोबर लिहिली होतीत, बाई. ते सांगायलाच आले." पदराचं टोक तिने मुठीत घेतलं. "मी इथे शिकत होते, हे आता कुठेच लिहिलेलं नाही का?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि उठली.

बाई तिला सोडायला फाटकाकडे निघाल्या. व्हरांड्यातल्या तिसऱ्या खोलीशी आया थबकली. "आमची सातवी इथे भरायची," असं म्हणत ती उंबऱ्यापर्यंत गेली. आत शिक्षक नव्हते. दारात मोठं माणूस दिसलं म्हणून सगळा वर्ग बाकं सरकवत उभा राहिला.

आया गोंधळली. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती मान डोलावली.

"बसा," ती म्हणाली. पण आवाज इतका बारीक निघाला, की तो मागच्या बाकांपर्यंत पोचलाच नाही, आणि मुलं तशीच उभी राहिली.