गल्लीकडे उघडलेली दारं

भाजी घेऊन कॉलनीतल्या घरी परतताना मागच्या गल्लीत अरुंधतीबाईंच्या गळ्यातली साखळी मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसकावली आणि त्या तोंडावर आपटल्या. धावत आल्या त्या पलीकडच्या वस्तीतल्या जिजाबाई. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पोह्यांची गाडी असायची. बाईंच्या फुटलेल्या ओठावर पदर दाबत त्या म्हणाल्या, "माह्या सुनेचा मोबाइल इथंच नेला, बाई. ही गल्ली कोणाचीच नाही. अन् ज्याचं कोणी नाही, ते चोराचं."

बँकेतून निवृत्त झालेल्या अरुंधतीबाईंच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. एका बाजूला कॉलनीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला वस्तीतल्या घरांच्या पाठी. कुणाचं दार त्या गल्लीत उघडत नव्हतं. ओठ बरा झाल्यावर त्या जिजाबाईंना घेऊन थेट कॉलनीच्या सभेत गेल्या.

"भिंत कमरेइतकी करा," बाई म्हणाल्या.

सेक्रेटरी कृष्णकांत उसळले. "अहो, मग चोर घरात शिरतील!"

"भिंतीच्या आडोशानंच तर ते येऊन राहिले, साहेब," जिजाबाई म्हणाल्या. "तुमाले दिसत नाही, आमाले दिसत नाही."

पोलीस ठाण्यातल्या फौजदारबाईही आल्या होत्या. गस्तीच्या गाडीतून आपल्यालाही भिंतच दिसते, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे कृष्णकांत खाली बसले.

भिंत उतरली. वस्तीतल्या चंद्रभान गवंड्यानं आधी स्वतःच्या घराची मागची भिंत फोडून दार बसवलं, मग शेजाऱ्यांच्या घरांनाही. महापालिकेनं दिवे लावले. कॉलनीनं गल्लीलगतची, धूळ खात पडलेली खोली मुलांच्या अभ्यासाला दिली, आणि तिथं गणित शिकवायला अरुंधतीबाई जाऊ लागल्या. संध्याकाळी गल्लीत खाटा पडू लागल्या, पोरींचा खो-खो रंगू लागला.

दिवाळीनंतरची गोष्ट. दिवेलागणीला जिजाबाईंची नात वैभवी अभ्यासाला येत होती. मागून मोटारसायकलवर दोघं आले आणि तिच्या खांद्यावरची पर्स ओढली गेली. वैभवी किंचाळली.

आणि गल्ली उभी राहिली.

खोलीच्या दारातून अरुंधतीबाई बघतच राहिल्या. प्रत्येक दारातून माणसं बाहेर येत होती; पिठाच्या हातांनी, जेवणावरून उठून, लेकरू कडेवर घेऊन. कॉलनीतले लोक कमरेइतक्या भिंतीवरून उड्या मारून येत होते. कुणी आरडाओरड केली नाही. माणसं फक्त पुढे येत गेली आणि गल्लीची दोन्ही तोंडं भरून गेली. मोटारसायकल मधोमध थांबली. त्या दोघांनी हात वर केले.

कुणीतरी बॅट उगारली.

"खबरदार!" जिजाबाई कडाडल्या. "हात नका लावू कोणी. आज मारलं त गल्ली मारामारीवाल्याईची होईल. भ्यायले हायेत ते. पाणी द्या त्याईले."

बॅट खाली आली. चंद्रभाननं खरंच पाण्याचा तांब्या आणला. पोलीस येईपर्यंत ते दोघं पायरीवर मान खाली घालून बसले होते आणि भोवती एवढी गर्दी, पण वैभवीचे हुंदके स्पष्ट ऐकू येत होते.

अरुंधतीबाईंच्या शेजारी येऊन कृष्णकांत हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, एवढी माणसं कुठं होती हो इतकी वर्षं?"

"इथंच," त्या म्हणाल्या, आणि वैभवीला जवळ घ्यायला पुढे झाल्या.